लघुप्रबंधात गुण वाढतात. वॉर्डात आणि वर्गात काय बदलतं?

तापीकाठची (धागाकर्ती):

खानदेशातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. सध्या एम.एस्सी.च्या मुलींचे सिनॉप्सिस (लघुप्रबंधाचे आराखडे) टेबलावर यायला लागलेत आणि शीर्षकाचे पहिले दोन शब्द वाचले की पुढचं मी न बघता सांगते. 'अमुक आजाराविषयीच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता, निवडक महाविद्यालयातील विद्यार्थिनींच्या संदर्भात.' आजार बदलतो, महाविद्यालय बदलतं, सांगाडा तोच. साठ मुली बसवायच्या, तीस प्रश्नांची पूर्वचाचणी घ्यायची, पाऊण तास फ्लॅशकार्ड दाखवायचे, सातव्या दिवशी तीच प्रश्नपत्रिका पुन्हा द्यायची. गुण वाढतात. न वाढून जातील कुठे? मग टी-टेस्ट, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, शून्य परिकल्पनेचा त्याग (म्हणजे 'काही फरक पडला नाही' हे गृहीतक सोडायचं), कार्यक्रम परिणामकारक. काळ्या रेक्झिनचं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, कपाट.

घरीही तेच. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. त्याच्या बी.एड.चं कृतिसंशोधन परवा माळ्यावरून निघालं: 'इयत्ता सहावीच्या विद्यार्थ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका व उपाययोजना'. पूर्वचाचणी, तक्ते, उत्तरचाचणी, आनंदीआनंद.

हे सगळं खोटं असतं असं मी म्हणत नाही. पोरी मेहनत करतात. पण माहिती वाढली एवढं सिद्ध करून आपण थांबतो आणि काम जिथल्या तिथे राहतं. हात कधी धुवायचे हे वॉर्डातल्या प्रत्येक सिस्टरला पाठ आहे. विचारा, डब्ल्यूएचओने सांगितलेले पाचही क्षण धडाधड म्हणून दाखवेल. भरलेल्या वॉर्डात एकटीने नाइट काढताना त्यातले किती पाळले जातात, ते प्रश्नावलीत उतरत नाही.

यंदा नवापूरकडची एक मुलगी माझ्याकडे आलीय. विषय सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. आणलेलं शीर्षक अर्थातच 'सिकलसेलविषयीचं ज्ञान'. तिला म्हटलं, हे ठेव बाजूला, पोस्टिंगमध्ये तुला काय खटकलं ते सांग. म्हणाली, मॅडम, सॉल्युबिलिटी पॉझिटिव्ह आलेल्यांना पक्क्या रिपोर्टसाठी परत बोलावतो, त्यातले बरेच येतच नाहीत. रजिस्टरात पुढचा रकाना कोरा.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी: सॉल्युबिलिटी ही झटपट चाचणी. थेंबभर रक्त द्रावणात टाकलं आणि ते गढूळ झालं, नळीमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की पॉझिटिव्ह. पण गढूळ वाहकाचंही होतं आणि रुग्णाचंही. एएस (वाहक) की एसएस (रुग्ण) हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्या केल्याशिवाय कळत नाही. वाहकाला बहुधा औषध लागत नाही, फक्त लग्न ठरवताना माहीत असावं लागतं, कारण नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. रुग्णाला मात्र हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड, लसी, मधूनमधून रक्ततपासणी, असा जन्मभराचा पाठपुरावा. म्हणजे त्या कोऱ्या रकान्यात औषध लागणारं लेकरूही असू शकतं.

मला वाटतं हाच तिचा विषय. सहकारी म्हणतात, यात ना शिक्षण कार्यक्रम, ना प्रश्नावली, परिणामकारकता कशाची दाखवणार? कमिटीत अडकेल. असं कोणी केलंय का? नर्सिंगवालेच नव्हे, शिक्षकांनीही लिहा.

पाटीपेन्सिल:

ताई, धडगाव तालुक्यात मास्तर आहे. ऱ्हस्व-दीर्घ वाचून हसलो, कारण तसलंच एक माझ्याही नावावर आहे.

आमच्याकडची अडचण सांगतो. पहिलीतलं पोर घरी पावरी बोलतं, पुस्तक मराठी. जुलैत पूर्वचाचणी घेतली तेव्हा पट भरलेला. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे. मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला सोबत. फेब्रुवारीत उत्तरचाचणीला बसतात ती गावातच राहिलेली, म्हणजे घरचं जरा बरं असलेली मुलं. सरासरी वाढणारच! मी काही शिकवलं नसतं तरी वाढली असती. आणि अहवालात एक ओळ: 'काही विद्यार्थी अनुपस्थित असल्याने वगळले.' अहो, ज्यांच्यासाठी उपाययोजना होती तेच वगळले.

आता मी संशोधन बिंशोधन म्हणत नाही. महिन्याच्या शेवटी प्रत्येक पोराला जवळ बसवून वाचायला देतो. 'असर' ही मुलांच्या वाचनाची पाहणी करणारे वापरतात तेच स्तर: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. वहीत नावापुढे खूण. स्थलांतराला गेला त्याच्यापुढे 'गु.' लिहितो, होळीला परत आला की तिथूनच पुढे. एका पानावर वर्ष दिसतं. कोण अडकलाय ते कळायला टी-टेस्ट लागत नाही.

आकडेमोड:

पाटीपेन्सिल, ते पान लॅमिनेट करून ठेवा. ते 'गु.' म्हणजेच खरी विदा (डेटा) आहे.

तापीकाठची, तुम्ही सांगितलेल्या सांगाड्यात अजून एक भोक आहे. शिक्षक उपचारात्मक अध्यापनासाठी पन्नासातली सगळ्यात कमी गुणांची दहा मुलं निवडतात. त्यातल्या काहींचा तो दिवसच वाईट होता: ताप होता, पेन नव्हतं, भांडण झालं होतं. पुन्हा चाचणी घेतली की ती काहीही न करता वर येतात. वरच्या दहांची घेतली तर त्यांची सरासरी खाली आलेली दिसेल. तुलनेला दुसरा गट नसेल तर हा चढ तुमच्या कार्यक्रमाच्या खात्यावर जमा होतो.

आणि सात दिवसांनी मोजणं. मुंबई-वडोदऱ्यातल्या महापालिका शाळांत 'प्रथम' या संस्थेचा बालसखी कार्यक्रम (मागे पडलेल्या मुलांना वेगळं शिकवण्याचा) तपासला गेला, २००७ साली निबंध आला; अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो वगैरे मंडळी. दुसऱ्या वर्षाअखेर गुण ०.२८ प्रमाण विचलनाने (गुणांच्या पसाऱ्याचं माप) वाढलेले होते. कार्यक्रम सुटल्यावर वर्षभराने पाहिलं तर साधारण ०.१ उरलं होतं. हे त्यांनी लपवलं नाही, छापलं. आपल्याकडचा एक तरी लघुप्रबंध वर्षाने त्याच मुलांकडे परत गेलाय का?

नर्सिंगसाठी एवढंच सांगेन: दोन टोकांना मोजू नका, दर आठवड्याला मोजा. आठवडे आडवे, टक्केवारी उभी, मध्यकाची (मधोमध येणाऱ्या आकड्याची) एक रेघ. सलग सहा ठिपके रेघेच्या एकाच बाजूला पडले तर काहीतरी खरंच हललंय असं धरायचं. ग्राफपेपरवर होतं.

खडूस परीक्षक:

धागा चांगला आहे, पण थोडं थंड पाणी ओततो. अनेक वर्षं व्हायवा घेतोय. मुलगी नोकरी सांभाळून किंवा स्टायपेंडवर शिकतेय, हातात जेमतेम दोन वर्षं, त्यात कोर्सवर्क, कमिटीच्या तारखा, पायलट. लघुप्रबंध हा पद्धत शिकण्यासाठी असतो. स्वयंपाक शिकणाऱ्या मुलीकडून पहिल्याच दिवशी गावजेवण मागू नये. जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था सुधारण्याचा भार तिच्यावर कशाला? पूर्व-उत्तरचाचणीत निदान नमुना निवड, साधनाची वैधता, विश्लेषण एवढं तरी हाताखालून जातं.

कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे 'सांख्यिकी करून मिळेल' अशी पाटी असते, तिच्याबद्दल मी बोलत नाहीये.

तापीकाठची:

सर, भार नको हे मान्य. पण पद्धत कशावर शिकायची हे तर आपण ठरवू शकतो? नमुना निवड रजिस्टरावरही शिकता येते, वैधताही. आणि कृतिसंशोधनाची सुरुवात तर याच हट्टातून झाली. कर्ट लेविनने १९४६ मध्ये लिहिलं, स्टीफन कोरीने १९५३ मध्ये शाळांसाठी मांडलं; दोघांचं म्हणणं की काम करणाऱ्यानेच प्रश्न काढावा, बदल करून पाहावा, बघावं, पुन्हा बदलावं. आपण त्यातलं फिरणं काढून टाकलं आणि दोन चाचण्या ठेवल्या.

त्या पाटीबद्दल मात्र तुम्ही बोलाच एकदा.

पांझराकाठ:

ताई, गह्यरं भारी लिखं. पन एक सांगा, हाई बठ्ठं वाचस कोन? कपाटमा धूय खाई राह्यनं, त्यानं आमले काय भेटस?

मराठीत लिहितो, बाकीच्यांना कळायला हवं: हे सगळं वाचतं कोण? कपाटात धूळ खात पडतं, त्यातून आम्हाला काय मिळतं? माझ्या भाच्याच्या शाळेत दोनदा असे विद्यार्थी आले. फॉर्म भरून घेतले, पोरांची उंची-वजन घेतलं, हिमोग्लोबिन बघितलं, फोटो काढले, गेले. कोणाचं रक्त कमी निघालं ते मास्तरलाही नाही सांगितलं, घरच्यांनाही नाही. बोट टोचलं ते टोचलंच.

पाटीपेन्सिल:

भाऊ, पॉइंट बरोबर आहे. आमच्याकडे शाळेतल्या लोहाच्या गोळ्यांचंही असंच. पहिली ते पाचवीला गुलाबी, सहावीपासून निळी, आठवड्याला एक. यावर 'जाणीवजागृती'चे अभ्यास ढिगाने निघतील. गोळी कोणत्या आठवड्यात आलीच नाही, आली तेव्हा जेवणाआधी दिली की नंतर, किती पोरांनी जिभेखाली ठेवून बाहेर थुंकली, हे कोणी लिहिलंय? उपाशीपोटी दिली की मळमळतं, एकाला उलटी झाली की अख्खा वर्ग घेत नाही. दुपारच्या खिचडीनंतर द्यायची एवढी सोय लावली तरी फरक पडतो.

स्टेथोस्कोप४२५:

कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी, सध्या सरकारी नोकरी. उशिरा आलो धाग्यावर.

पांझराकाठ यांनी सांगितलं ते नुसतं वाईट वागणं नाही, नीतिमत्तेचा भंग आहे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पालकांची संमती तर हवीच, सात वर्षांवरच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा. आणि तपासणीत काही सापडलं तर ते सांगणं, पुढे पाठवणं हे संशोधकाचं काम. एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं, पाड्यावर पोचेपर्यंत गळून जातं. स्वतःच्या वर्गातल्या मुलांवर शिक्षक किंवा स्वतःच्या वॉर्डातल्या पेशंटवर सिस्टर अभ्यास करते तेव्हा तर जास्तच काळजी हवी. बाईंना नाही म्हणायची हिंमत कोणाची होते?

आता ज्ञान विरुद्ध काम. आपल्या राज्यातलंच उदाहरण घ्या. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांचा गडचिरोलीचा अभ्यास आला. ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, ४७ गावं तुलनेला. त्यांना या बायकांच्या ज्ञानाचे गुण छापता आले असते, शिकवलं होतंच की. त्यांनी बाळं किती दगावली ते मोजलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला होता. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात, त्यामागे हे काम आहे. कपाटात न राहिलेला अभ्यास, पांझराकाठ.

पण उलटंही सांगतो. डब्ल्यूएचओची शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी: २००९ चा अभ्यास, आठ रुग्णालयं, त्यातलं एक दिल्लीतलं. मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर. जगभर गाजलं. मग कॅनडातल्या ओंटारिओत ही यादी सगळीकडे लागू झाली, १०१ रुग्णालयांची आकडेवारी २०१४ मध्ये छापून आली, आणि मृत्यूंत लक्षणीय फरक नाही! यादी जवळपास सगळीकडे वापरली जाते असं रुग्णालयांनीच कळवलं होतं. खरी कारणं काय यावर खूप वाद झाले, पण कोणत्याही ओटीत उभं राहिलेल्या माणसाला एक कारण लगेच सुचेल. केस संपल्यावर सगळ्या खुणा एकदम करणारा हात आपण सगळ्यांनी पाहिलाय.

तेव्हा तापीकाठची, तुमच्या विद्यार्थिनीने नवा फॉर्म, नवं रजिस्टर काढू नये ही विनंती. उपकेंद्रातल्या सिस्टरकडे आधीच इतकी रजिस्टरं आहेत की अजून एक दिलं तर ते महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरलं जाईल.

आकडेमोड:

+१. मोजणी जेवढी कामाच्या आत, तेवढी खरी.

तापीकाठची:

डॉक्टर, मग तुम्हीच सांगा, काय मोजू? तुमचे शब्द मी कमिटीसमोर वापरणार आहे.

स्टेथोस्कोप४२५:

माझ्या मते असं. एका ग्रामीण रुग्णालयाचं आणि त्याखालच्या पीएचसींचं (प्राथमिक आरोग्य केंद्रांचं) जुनं रजिस्टर घ्यायचं. प्रत्येक सॉल्युबिलिटी पॉझिटिव्हची तारखांची साखळी लावायची: चाचणी कधी झाली, पक्क्या तपासणीचा नमुना कधी घेतला, रिपोर्ट कधी आला, माणसाला कधी सांगितलं, एसएस निघाला तर औषध कधी सुरू झालं. कोणत्या दोन तारखांच्या मधे माणसं सर्वाधिक गळतात ते पहिल्या भागात कळेल. नमुनाच घेतला नाही, की रिपोर्ट येऊन पडलाय पण कोणी सांगितलं नाही? दोन्हींचे उपाय वेगळे. पहिला असेल तर चाचणी पॉझिटिव्ह येताच त्याच बैठकीत पक्क्या तपासणीचं रक्त काढून ठेवायचं, म्हणजे परत यायलाच नको. दुसरा असेल तर फोन आणि आशाताई. एकच बदल करून पाहायचा आणि आकडेमोड म्हणतात तसे आठवड्याचे ठिपके.

सहा महिन्यांखालच्या बाळांना यातून वगळा. त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, सॉल्युबिलिटी भरवशाची नसते.

वेळही चांगली आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झाली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य. तपासलेल्यांचा आकडा वर कळवला जातो. पॉझिटिव्ह आल्यावर पुढे काय झालं हे विचारणारा लघुप्रबंध जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांनाही हवा असेल. आणि एमडीच्या मुलांना आता जिल्हा रुग्णालयात तीन महिने काढावे लागतात, त्यातल्या एखाद्याला सोबत घ्या.

एक धोका. गावाचं नाव लिहू नका. चाळीस घरांच्या पाड्यात 'वय १७, मुलगी, एसएस' एवढं छापलं की झालं, तिचं लग्न मोडायला तेवढं पुरे.

खडूस परीक्षक:

हे माझ्यासमोर व्हायवाला आलं तर मी आडवं येणार नाही. पण शीर्षक नीट करा. 'परिणामकारकता' शब्द हवाच असेल तर 'एकाच भेटीत नमुना घेण्याच्या पद्धतीची परिणामकारकता: पुष्टी-तपासणीपूर्वी होणाऱ्या गळतीच्या संदर्भात' असं म्हणा. कमिटीला ओळखीचा शब्द दिसला की निम्मी लढाई होते. साधन म्हणून 'नोंद-तपासणी सूची' द्या, दोघांनी स्वतंत्रपणे तीच पंचवीस-तीस नावं भरून जुळतात का ते दाखवा, विश्वासार्हता झाली. आणि उपाय कोणता ते पहिल्या भागानंतर ठरणार असेल तर तसं सिनॉप्सिसमध्ये आधीच लिहा, नाहीतर मधेच बदलला म्हणून धरतील.

झेरॉक्सवाल्याच्या पाटीवर स्वतंत्र धागा काढतो.

तापीकाठची:

सर, _/\_

पांझराकाठ:

आनि रिपोर्ट कोन सांगी? म्हणजे, ज्या पोरीचं एसएस निघालं तिच्या घरी कोणत्या भाषेत सांगणार? आमच्या अहिराणीनं तिकडं भागत नाही.

तापीकाठची:

विद्यार्थिनीला मावची येते, घरचीच भाषा. नवापूरचा भाग ती सांभाळेल. धडगाव-अक्कलकुव्याकडची नावं निघाली तर अडचण आहे.

पाटीपेन्सिल:

पावरीसाठी आमच्या शाळेतली एक माजी विद्यार्थिनी आशा आहे, तिला विचारून सांगतो. पण ताई, डिसेंबर-जानेवारीत येऊ नका, घरांना कुलपं असतील आणि तुमच्या साखळीत ती माणसं 'गळाली' म्हणून मोजली जातील. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, तोवर गुजरातेतून बरेच जण परतलेले असतात. आणि रजिस्टरात मोबाइल नंबर बहुतेक मुकादमाचा किंवा शेजाऱ्याचा असतो. त्यावर फोन करून रिपोर्ट सांगू नका, फक्त 'दवाखान्यात बोलावलंय' एवढंच सांगा.

तापीकाठची:

नंबर दुसऱ्याचा असतो हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. सूचीत 'फोन कोणाचा' हा रकाना वाढवते आणि भेटींचा काळ होळीच्या आसपास धरते. पाटीपेन्सिल, त्या आशाताईंना किती दिवस आणि किती मानधन लागेल तेही विचारा, बजेटमध्ये लिहावं लागेल. कमिटीची तारीख लागली की इथेच कळवते.